खुलासा : गोड गोळीतला क्लोरीन आणि डीडीटी

‘शुगर-फ्री गोळीतल्या सुक्रॅलोजमध्ये क्लोरीन असतो, म्हणजे ते डीडीटीच (कीटकनाशक), पोटात क्लोरीन वायू सुटतो,’ असा मेसेज सध्या फिरतोय. पहिला तुकडा खरा आहे, पुढचे दोन चुकीचे.

१९७६ साली लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ लेस्ली हफ यांच्याकडे साखरेच्या संयुगांवर काम करताना शशिकांत फडणीस यांनी एक पदार्थ चाखला आणि त्याचा गोडवा लक्षात आला. तेच हे सुक्रॅलोज. साखरेच्या रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) काढून तिथे क्लोरीनचे अणू बसवले की सुक्रॅलोज तयार होते, साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. हे अणू कार्बनशी पक्के जोडलेले असतात, पोटात त्यांचा वायू होत नाही. डीडीटीतही क्लोरीन आहे, पण ते चरबीत विरघळते आणि शरीरात साठत जाते. सुक्रॅलोज पाण्यात विरघळते, बहुतांश न शोषले जाताच बाहेर पडते. शिवाय प्रत्येक गोळीत सुक्रॅलोज असतेच असे नाही. काहींत ॲस्पार्टेम असते, त्यात क्लोरीनच नाही. पाकिटावरची घटकांची यादी वाचा.

म्हणून सुक्रॅलोज हवे तितके खा, असे मात्र नाही. वजन घटवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले आहे. फार तापवल्यावर सुक्रॅलोजचे विघटन होते, तेव्हा केक-बिस्किटे भाजताना ते टाळलेलेच बरे.

मधुमेही मंडळी घाबरून पुन्हा साखरेकडे वळतील, म्हणून तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल तिथे हा खुलासा टाका.