‘एकगठ्ठा मतं’वाला मेसेज पुढे ढकलण्याआधी मालेगावचे दोन निकाल बघा

‘अल्पसंख्याक मतं कशी फिरतात’ असा मथळा असलेला एक लांबलचक मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या मामींकडे तो तीन वेगवेगळ्या ग्रुपमधून आला आणि ‘हे खरंय का रे?’ असं विचारून त्यांनी तो मला पाठवला. एरवी विचारी असलेल्या माणसांनाही तो खरा वाटू लागलाय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: शुक्रवारी फतवा निघतो आणि सगळी मतं एकाच बटणावर पडतात. पुण्याच्या लोकसभेला कोंढव्याने हेच केलं, हा घ्या तक्ता. ही माणसं आज पंजा (काँग्रेस), उद्या पतंग (एमआयएम), परवा मशाल (ठाकरेंची शिवसेना) करतात, कारण निष्ठा नावाची गोष्टच नाही. मतं पैशाने आणि योजनांनी विकत घेतली जातात. आणि शेवटी सल्ला, की तक्त्यातले बूथ ओळखून ठेवा, तिथली कामं कशाला करायची आणि तिथल्या दुकानांत कशाला जायचं.

आधी तक्ता, कारण तो पुरावा म्हणून जोडलाय. त्यावर लिहिलंय ‘पुणे लोकसभा २०२४ – कोंढवा’. कोंढवा पुणे लोकसभा मतदारसंघात येतच नाही! पुणे लोकसभेत सहा विधानसभा क्षेत्रं आहेत: वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ. कोंढवा हडपसर विधानसभेत येतो, क्रमांक २१३, आणि हडपसर आहे शिरूर लोकसभेत. १३ मे २०२४ ला कोंढव्यातले लोक मतदानाला गेले तेव्हा त्यांच्या यंत्रावर मोहोळ (भाजप) आणि धंगेकर (काँग्रेस) ही पुण्याच्या उमेदवारांची नावंच नव्हती. तिथे अमोल कोल्हे विरुद्ध आढळराव पाटील अशी लढत होती. ज्याने हा तक्ता बनवला त्याला शहराचा नकाशा ठाऊक नाही, किंवा ठाऊक असूनही त्याने तो बनवला. पुणे लोकसभेचा निकाल मुरलीधर मोहोळ यांच्या बाजूने १,२३,०३८ मतांनी लागला. कोंढव्याने त्यात एका मताचीही भर घातली नाही किंवा एक मतही कमी केलं नाही.

शिवाय कोंढवा म्हणजे एकाच प्रकारचा मोहल्ला नव्हे. मिठानगर, कौसरबाग वेगळं, एनआयबीएम रस्ता वेगळा, साळुंके विहारमधले निवृत्त लष्करी अधिकारी वेगळे. बोहरा समाजाचं राजकारण सुन्नी वस्त्यांसारखं चालत नाही, हे तिथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. मतदार यादीत धर्माचा रकाना नसतो. नावांवरून धर्म ओळखायचा, आणि बूथवर एका पक्षाला जास्त मतं दिसली की ती ‘त्यांचीच’ धरायची, हा हिशोब पहिल्याच पायरीवर चुकतो.

आता फतवा. या मुद्द्यावर थांबायला हवं, कारण बाकी सगळा मेसेज याच्यावर उभा आहे. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकाराने, दिलेलं मत. ७ जुलै २०१४ रोजी विश्व लोचन मदन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की फतव्याला कायद्याचं बळ नाही आणि तो कुणावर लादता येत नाही. मतदान गुप्त असतं. मत कुणाला पडलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते, तीही फक्त मतदाराला. तेव्हा फतवा निघाला असं गृहीत धरलं तरी तो पाळला की नाही, हे बघणार कोण? निवडणुकीच्या काळात काही मौलाना जाहीर पाठिंबा देतात, हे खरं आहे. तसा पाठिंबा इतर धर्मांचे महाराज, बुवा आणि मठाधिपतीही देतात. धर्माच्या नावाने मत मागणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचरण आहे आणि २ जानेवारी २०१७ च्या सात न्यायमूर्तींच्या निकालाने त्याची व्याप्ती आणखी रुंद केली. तो नियम सगळ्यांना सारखाच लागतो.

मेसेजवाल्यांचा आवडता दाखला म्हणजे मालेगाव मध्य, नाशिक जिल्ह्यातलं मुस्लिमबहुल विधानसभा क्षेत्र. तोच घेऊ. २० मे २०२४ ला धुळे लोकसभेसाठी मतदान झालं. या एका विधानसभा क्षेत्रात काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना १ लाख ९८ हजारांहून जास्त मतं पडली आणि भाजपच्या सुभाष भामरे यांना साडेचार हजारांच्या आसपास. बच्छाव शेवटी ३,८३१ मतांनी निवडून आल्या. म्हणजे मालेगाव मध्यने निकाल फिरवला, आणि तिथलं मतदान जवळजवळ एकतर्फी होतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. एखाद्या पक्षाला रोखायचं असं ठरवून, जो उमेदवार जिंकू शकतो त्याच्यामागे लोक उभे राहतात, इतपत मेसेजमध्ये तथ्य आहे.

पण मेसेज इथेच थांबतो. २० नोव्हेंबर २०२४, म्हणजे बरोबर सहा महिन्यांनी, त्याच लोकांनी विधानसभेसाठी मतदान केलं. एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १,०९,६५३ मतं, काँग्रेसबाहेरून लढलेल्या आसिफ शेख यांना १,०९,४९१. फरक १६२ मतांचा. त्या निवडणुकीत राज्यात सगळ्यात कमी मतांनी लागलेला निकाल हाच. मे महिन्यात जवळपास दोन लाख मतं घेणाऱ्या पंजाला नोव्हेंबरमध्ये दहा हजारांचाही टप्पा गाठता आला नाही. गठ्ठा असतो तो असा सहा महिन्यांत मधोमध चिरला जातो का? आणि उमेदवार स्वतः मुफ्ती आहे! मुफ्तीच्या शब्दावर मतं पडत असती तर त्याच शहरातल्या एक लाख नऊ हजार माणसांनी मुफ्तींच्या विरोधात बटण दाबलं नसतं.

फरक कशाने पडला हे समजायला फार डोकं लागत नाही. लोकसभेला सरळ दुरंगी लढत होती. मालेगाव मध्य हे सहांपैकी एक क्षेत्र, बाकीची पाच ग्रामीण आणि धुळे शहराची. आपला माणूस एकट्याच्या जोरावर निघणार नाही, हे मतदाराला कळत होतं, म्हणून तो निघू शकणाऱ्याच्या मागे गेला. विधानसभेला भाजप शर्यतीतच नव्हता. भीती संपली, आणि मग दोन स्थानिक नेत्यांची जुनी चुरस, त्यांचे कार्यकर्ते, कुणी कुणाचं काय काम केलं याचा हिशोब पुढे आला. तिथला इतिहासही हेच सांगतो. समाजवादी निहाल अहमद यांचा हा बालेकिल्ला. १९९९ ला तो काँग्रेसच्या रशीद शेख यांनी घेतला, २००९ ला मुफ्ती इस्माईल जनसुराज्यकडून आले, २०१४ ला काँग्रेसचे आसिफ शेख, २०१९ ला पुन्हा मुफ्ती इस्माईल, या वेळी एमआयएमकडून. पक्षांची नावं बदलत गेली. मतदाराने प्रत्येक वेळी समोर असलेल्यांतून निवड केली.

‘निष्ठा नाही’ या आरोपाने मला सगळ्यात जास्त संताप येतो. निष्ठा कुणाशी ठेवायची होती? जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. हडपसरमध्ये २०१९ ला ज्यांनी घड्याळाला (राष्ट्रवादीला) मत देऊन भाजपच्या आमदाराला पाडलं, त्यांचं घड्याळ २०२४ मध्ये भाजपच्याच युतीत होतं. मतदार होता तिथेच राहिला आणि पक्ष पलीकडे गेला. नोव्हेंबर २०२४ ला तिथे चेतन तुपे घड्याळावर, प्रशांत जगताप तुतारीवर (शरद पवारांची राष्ट्रवादी), आणि फैसला ७,१२२ मतांनी. आणि हडपसरनेच २००९ ला शिवसेनेचे महादेव बाबर, २०१४ ला भाजपचे योगेश टिळेकर, २०१९ ला राष्ट्रवादीचे तुपे निवडून दिले. तीन निवडणुका, तीन पक्ष. यात अल्पसंख्याक मतदार किती आणि बाकीचे किती?

काँग्रेसवरच्या नाराजीलाही ठोस कारणं आहेत. जुलै २०१४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, आघाडी सरकारने मुस्लिम समाजातल्या मागास गटांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने त्यातलं शिक्षणातलं आरक्षण रोखलं नाही. पुढच्या सरकारने त्याचा कायदा केला नाही आणि अध्यादेश संपला. पण २०१९ ते २०२२ या काळात पुन्हा काँग्रेस-राष्ट्रवादी सत्तेत होते, तेव्हाही तो कायदा आला नाही. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने ४८ जागांत एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. यावर चिडून कुणी पतंगाकडे गेलं तर त्याला अविश्वासू म्हणायचं?

पतंगाकडे गेलेलेही तिथे कायम राहिले नाहीत. भायखळ्याने २०१४ ला एमआयएमचा आमदार दिला, २०१९ ला शिवसेनेच्या यामिनी जाधव आल्या, २०२४ ला मशालीचे मनोज जामसुतकर. औरंगाबादला २०१९ च्या लोकसभेत इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी जिंकले, कारण प्रकाश आंबेडकरांची वंचित बहुजन आघाडी सोबत होती. काही महिन्यांत ती युती तुटली आणि विधानसभेला एमआयएमने औरंगाबाद मध्यची जागा गमावली. बेरीज बदलली की निकाल बदलतो.

आणि अल्पसंख्याक म्हणजे फक्त मुस्लिम असं कुणी सांगितलं? केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आहेत आणि जानेवारी २०१४ पासून जैनही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम ११.५४ टक्के आणि बौद्ध ५.८१ टक्के. २०१९ च्या लोकसभेत वंचितने राज्यात सात टक्क्यांच्या आसपास मतं घेतली आणि त्यात बौद्ध मतदारांचा मोठा वाटा होता. २०२४ ला संविधानाचा मुद्दा तापला आणि वंचित तीन टक्क्यांच्याही खाली आली. इथे कोणाचा फतवा निघाला होता? २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मॉडेल कॉलनीतल्या जैन बोर्डिंगच्या जागेच्या व्यवहारावरून पुण्यातला जैन समाज रस्त्यावर उतरला. त्यात धर्माज्ञा नव्हती, ट्रस्टची जमीन होती. लोक अशाच गोष्टींवरून पक्षावर रागावतात.

बहुसंख्याकही असंच करतात. कसब्यात फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत धंगेकर जवळपास ११ हजारांनी जिंकले, आणि नोव्हेंबर २०२४ ला त्यांच्याच विरोधात हेमंत रासने १९ हजारांहून जास्त मतांनी आले. दोन वर्षंही झाली नव्हती. पोटनिवडणुकीत टिळक कुटुंबाला उमेदवारी नाकारल्याची नाराजी सदाशिव-नारायण पेठेत होती, हे सगळ्या पुण्याला माहीत आहे. त्या मतदारांना कुणी निष्ठा विचारली नाही, आणि विचारूही नये. कोथरूडमध्ये चंद्रकांत पाटील १,१२,०४१ मतांनी जिंकले, त्याला आपण लाट म्हणतो, गठ्ठा म्हणत नाही.

पैशाच्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. पाकीट वाटणारा आधी धर्म विचारत नाही. लाडकी बहीणचे १,५०० रुपये पात्र बायकांच्या खात्यात जातात, त्या कोथरूडच्या असोत की कोंढव्याच्या.

शेवटचा मुद्दा मात्र धोक्याचा आहे: बूथ ओळखून ठेवा. हा प्रश्न मेसेजपेक्षा जुना आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळायची सोय होती, त्यामुळे कुठल्या वस्तीने कुणाला मत दिलं ते कळत नसे. यंत्रं आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा उघडा पडला. चौदा यंत्रांची मतं एकत्र मोजणारं ‘टोटलायझर’ वापरावं असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. ते अजून आलेलं नाही. म्हणून आजही एखाद्या वस्तीतली ड्रेनेजची लाईन किंवा टँकर ‘यांनी आपल्याला मत दिलं नाही’ म्हणून अडवता येतो. मेसेज हेच करायला सांगतोय, आणि वर दुकानांवर बहिष्कारही. निवडणुकीच्या संदर्भात धर्माच्या आधारे वैर वाढवणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा.

ज्यांना आकडे खरोखर तपासायचेत त्यांनी फॉर्म २०, म्हणजे केंद्रनिहाय मतांचा अधिकृत तक्ता, काढावा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो विधानसभा क्षेत्रानुसार मिळतो. त्यात केंद्राचा फक्त क्रमांक असतो, पत्ता नसतो. पत्त्यासाठी त्या भागाच्या मतदार यादीचं पहिलं पान सोबत ठेवावं लागतं. लोकसभेचा आणि विधानसभेचा फॉर्म समोरासमोर ठेवताना क्रमांक जुळतात असं धरू नका. मे आणि नोव्हेंबर २०२४ च्या मधे मोठ्या सोसायट्यांत नवी केंद्रं झाली, त्यामुळे पुढचे क्रमांक सरकतात. टपाली मतं वेगळी दाखवलेली असतात, ती कुठल्याच केंद्राच्या नावावर टाकता येत नाहीत. आणि मतं वाढली की लोक पक्ष बदलून आले असं लगेच म्हणू नका, आधी एकूण मतदान बघा. बऱ्याचदा त्याच माणसांनी पक्ष बदललेला नसतो. मागच्या वेळी घरी बसलेले या वेळी बाहेर पडलेले असतात.

तक्ता पाठवणाऱ्याकडे विधानसभा क्षेत्राचा क्रमांक, केंद्राचा क्रमांक आणि फॉर्म २० चं ते पान मागा. ग्रुपवरच मागा, म्हणजे ज्यांनी तो मेसेज वाचलाय त्यांनाही उत्तर दिसेल.