हँक अ‍ॅरनला साक्षीला उभं करू नका

बेसबॉलपटू बॅरी बॉन्ड्सनं 2001 साली 73 होमरन मारले, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे घालवणारे फटके. मोसम सुरू झाला तेव्हा तो 36 वर्षांचा होता, संपला तेव्हा 37 चा. “त्यात स्टेरॉइडचा एवढा संशय घेण्यासारखं काय आहे?” सुबोध म्हणाला, आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कोपऱ्यावरचा आमचा शनिवारचा कट्टा रात्री दहापर्यंत हलला नाही.

कट्टा म्हणजे इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगला लागून असलेली बुटकी भिंत. सुबोध जायंट्सचा, म्हणजे बॉन्ड्सच्या संघाचा भक्त. शिल्पा ओकलंड एजची, आणि 2024 चा मोसम संपवून तिचा संघ ओकलंड सोडून गेल्यापासून बेसबॉलवाल्यांच्या कुठल्याच शब्दावर तिचा विश्वास उरलेला नाही. केतकी फिजिओथेरपिस्ट. तिचे बाबा, म्हणजे आमचे काका, सांगलीला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. उन्हाळ्यात लेकीकडे येतात आणि प्रत्येक सामना वहीत उतरवत बघतात. माझी बाजू आधीच सांगतो. बॉन्ड्सशी माझं वैर नाही. पण त्याच्या बचावासाठी लोक हँक अ‍ॅरनला, बेब रूथचा होमरनचा विक्रम मोडणाऱ्या जुन्या फलंदाजाला, ओढून आणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं.

आणि सुबोधनं पहिल्याच दमात तेच केलं.

“मोठा स्लगर, म्हणजे होमरन मारणारा फलंदाज, उतारवयात जास्त लांब मारतो, हा नियमच आहे. अ‍ॅरनचा सगळ्यात मोठा मोसम कुठला? 1971, 47 होमरन, वय 37. एकोणचाळिसाव्या वर्षी 40. टेड विल्यम्सनं 1957 मध्ये 38 व्या वर्षी 38 मारले. कार्लटन फिस्कनं 37 व्या वर्षी 37, कारकिर्दीतले सर्वाधिक. डॅरेल एव्हान्सनं चाळिशीत 34. डेव्हिड ऑर्टिझ शेवटच्या मोसमात, 40 व्या वर्षी 38 मारून घरी गेला. इतकी माणसं करतात तर बॉन्ड्सवरच बोट का?”

“कारण बाल्को,” शिल्पा म्हणाली. बाल्को म्हणजे खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणारी प्रयोगशाळा.

“बाल्कोत शिक्षा कशाबद्दल झाली? 2011 मध्ये ज्युरीनं न्यायात अडथळा एवढ्याच एका आरोपावर दोषी धरलं, खोट्या साक्षीच्या आरोपांवर त्यांचं एकमत झालं नाही. आणि तो एक निकालही 2015 मध्ये अपिलात रद्द झाला.”

हे खरं आहे, आणि शिल्पालाही ते माहीत होतं. ती म्हणाली, “त्यानं ग्रँड ज्युरीपुढे सांगितलं की बाल्कोचं ते मलम आणि ते थेंब वापरले, पण ते काय होतं ते माहीत नव्हतं. तुला पटतं?” सुबोध गप्प. मग काकांनी हात वर केला. “कोर्ट राहू द्या. सुबोधचा मुद्दा शरीराबद्दल आहे. वय वाढताना जोर आपोआप वाढतो का? तेवढंच बोलू.”

सुबोधची नावं कुठून आली, हा काकांचा पहिला प्रश्न. “तू 37 व्या वर्षी मैदानावर असलेल्यांची यादी करतोयस. जे खचले ते तोवर घरी बसलेले. जिमी फॉक्स बघ. तिसाव्या वर्षी 50 होमरन, 32 व्या वर्षी कारकिर्दीतला 500 वा. तेहतिसाव्या वर्षी 19, पुढच्या मोसमात 8. केन ग्रिफी ज्युनियरनं 1997 आणि 98 मध्ये 56-56 मारले. 2000 नंतर दुखापतींनी पोखरला आणि पुन्हा कधी 40 गाठले नाहीत. विली मेजनं 1965 मध्ये 34 व्या वर्षी 52 मारले, तू त्यालाही यादीत घातलं असतंस. पण पुढच्या वर्षी 37, मग 22.”

“पण जे टिकले त्यांच्यात तर वाढलाच ना जोर?” सुबोध म्हणाला, आणि त्यानं खिशातून फोन काढला. इथं मला कबूल करायला हवं की त्यानं आणलेला आकडा हलका नव्हता. होमरनची नुसती मोजणी फसवते, कारण कोण किती खेळला ते त्यात दिसत नाही. म्हणून त्यानं अ‍ॅट-बॅट धरले, म्हणजे वॉक (वाईट चेंडूंमुळे न मारता मिळणारा बेस) वगैरे वगळून मोजली जाणारी फलंदाजीची पाळी. 1968 अखेरपर्यंत अ‍ॅरनचे 510 होमरन होते, साधारण दर 17 अ‍ॅट-बॅटना एक. 1969 ते 1973 या पाच मोसमांत, वय 35 ते 39, त्यानं 203 मारले. दर 12 ला एक.

“आता सांगा. हे नैसर्गिक नाही का?”

क्षणभर कोणी बोललं नाही. शिल्पा म्हणाली, “त्या काळी अँफेटामिनच्या गोळ्या सर्रास चालायच्या. अ‍ॅरननंच सांगितलंय की 1968 मध्ये एकदा घेतली होती.”

“एकदा, आणि हार्ट अटॅक येतोय असं वाटलं, हेही त्यानंच सांगितलंय,” मी म्हणालो. “आणि ती गोळी झोप उडवते, दंड भरत नाही.” माझा आवाज चढला होता. पण सुबोधच्या आकड्याला उत्तर द्यायचं होतं, आणि ते उत्तर अ‍ॅरनच्या शरीरात नाही, त्याच्या भोवतालात आहे.

अ‍ॅरनचा ब्रेव्ह्ज संघ 1966 मध्ये मिलवॉकीहून अटलांटाला आला. समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवरचं, उन्हाळ्यात तापणारं मैदान. 1993 मध्ये डेन्व्हरचा संघ येईपर्यंत मेजर लीगमधलं सर्वांत उंचावरचं. हवा पातळ, चेंडू लांब जातो. लोक त्या मैदानाला लाँचिंग पॅडच म्हणायचे. मिलवॉकीत अ‍ॅरन उजव्या-मधल्या पट्ट्यातही भरपूर मारायचा. अटलांटात आल्यावर तो चेंडू डावीकडे ओढायला लागला, कारण तिथं त्याचं चीज होत होतं. मग 1968 आला, पिचरांचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचं वर्ष. बॉब गिब्सननं दर नऊ डावांमागे सरासरी 1.12 च धावा दिल्या. लीगला धडकी भरली आणि 1969 पासून माउंड, म्हणजे पिचरच्या पायाखालचा उंचवटा, 15 इंचांवरून 10 इंचांवर आणला, स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू जिथून गेला तर वैध धरतात तो चौकोन, तोही आक्रसला. सुबोधची पाच वर्षं नेमकी कुठून सुरू होतात? 1969 पासून.

“आणि 1973 च्या त्या संघात अ‍ॅरन एकटा नव्हता,” मी म्हणालो. “एकाच संघात तिघांनी 40 होमरन गाठले, इतिहासात पहिल्यांदा. अ‍ॅरन 40, एव्हान्स 41, आणि डेव्ही जॉन्सन 43. हा जॉन्सन आदल्या वर्षी बाल्टिमोरमध्ये 5 होमरन मारून आला होता. आधीचा सर्वोत्तम मोसम 18 चा. नंतरच्या वर्षी 15. त्या एका उन्हाळ्यात तिशीच्या सेकंड बेसमनचे दंड तिप्पट झाले होते का?”

सुबोध तयारीनं आलेला. “मग एडी मॅथ्यूजचं काय? अ‍ॅरनबरोबरच मिलवॉकीहून अटलांटाला गेला. पाचशेवर होमरनचा मालक. पहिल्या वर्षी 34 व्या वर्षी किती मारले? सोळा. मैदानच सगळं करतं तर त्याचे का नाही वाढले?”

मला हा प्रश्न फार आवडला. उत्तर काकांनी दिलं. “म्हणजे बघ, तूच सांगितलंस. नियम असता तर मॅथ्यूजचाही जोर वाढला असता. एक संघ, एक मैदान, अडीच वर्षांचं अंतर. एकाचं शरीर टिकलं, एकाचं नाही. टिकलेल्याला मैदानानं हात दिला. याला वाढ म्हणत नाहीत.”

केतकी तोवर चहा संपवून ऐकत होती. तिचं म्हणणं सगळ्यांत स्वच्छ होतं. स्नायूची ताकद आणि स्नायूची चपळाई एकत्र म्हातारी होत नाहीत. झटक्याचं काम करणारे तंतू आधी मंदावतात; नुसतं वजन उचलायची ताकद तिशीच्या मध्यापर्यंत बऱ्यापैकी तग धरते. होमरनला लागतो तो झटका. बॅट किती वेगानं फिरते, त्यावर चेंडू किती वेगानं सुटतो हे ठरतं. म्हणून वयानं काही मिळत असेल तर ते डोळ्यांमागे मिळतं. पिचर कुठला चेंडू टाकणार ते आधी ओळखणं, वाईट चेंडू सोडणं, हवा तोच येईपर्यंत थांबणं. “माझे चाळिशीतले पेशंट म्हणतात, पूर्वीपेक्षा छान खेळतो. खेळतातही. पण पूर्वीपेक्षा जोरात नाही.”

टेड विल्यम्स मला तसा वाटतो. स्ट्राइक झोनच्या बाहेरच्या चेंडूला हात लावायचा नाही, हा त्याचा धर्म. 1960 च्या शेवटच्या मोसमात 310 अ‍ॅट-बॅटमध्ये 29 होमरन, आणि शेवटच्या पाळीतही होमरन. पण 1955 पासूनची सहा वर्षं एकत्र घेतली तर दर 14 ला एक, आणि आधीच्या कारकिर्दीत दर 15 ला एक. म्हणजे त्यानं फार काही वाढवलं नाही. जे होतं ते जपलं. मध्येच 1959 ला मान धरली तेव्हा 10 वर आला, तोही त्यातच धरलाय. माझ्या मते उतारवयातल्या मोठ्या स्लगरचं सगळ्यांत सुंदर चित्र हेच आहे.

“सचिननं ग्वाल्हेरला 200 मारले तेव्हा तोही 36 चाच होता,” सुबोध म्हणाला. हे येणारच होतं. पण त्या खेळीत मोठेपणा होता तो फटक्यांच्या निवडीचा, मोकळी जागा हेरण्याचा. षटकार तीनच होते. सचिन केतकीच्या बाजूचा साक्षीदार आहे.

मग बॉन्ड्स. 1998 अखेरपर्यंत 411 होमरन, दर 16 अ‍ॅट-बॅटना एक. 1999 ते 2004, वय 34 ते 40: 292 होमरन, दर साडेआठला एक. अ‍ॅरनचा वेग दीडपटीच्या आत वाढला, बॉन्ड्सचा जवळजवळ दुप्पट. आणि अ‍ॅरनच्या बाजूनं होती ती एकही गोष्ट इथं नाही. जायंट्सचं 2000 साली उघडलेलं मैदान समुद्राला चिकटून, हवा जड. उजवा खांब 309 फुटांवर असला तरी उजव्या-मधल्या कोपऱ्यात भिंत तेव्हा 421 फुटांवर पळायची; डावखुऱ्या बॉन्ड्ससाठी ते मैदान कठीणच. माउंड तसाच राहिला. 1998 मध्ये दोन नवे संघ आल्यानं पिचिंग पातळ झालं हे खरं, पण ते सगळ्यांसाठीच झालं.

“मेपलची बॅट,” सुबोध म्हणाला.

मेपलची बॅट बॉन्ड्समुळे गाजली खरी. पण मेपल आणि अ‍ॅश या लाकडांच्या बॅटींच्या मोजमापांत चेंडूच्या वेगात सांगण्यासारखा फरक निघालेला नाही. उलट स्नायूंचं गणित निघालंय. टफ्ट्स विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रॉजर टोबिन यांनी 2008 साली ते मांडलं. स्नायू दहा टक्के वाढले तर बॅटचा वेग पाचेक टक्के वाढतो, चेंडूचा चारेक टक्के, आणि होमरन निदान दीडपट होऊ शकतात. कारण स्लगरचे पुष्कळ फटके भिंतीच्या अलीकडेच पडत असतात. थोडी भर पडली की ते सगळे पलीकडे जातात. यातून बॉन्ड्सनं काय घेतलं हे सिद्ध होत नाही. एवढी मोठी उडी कशानं पडू शकते, ते मात्र कळतं. मार्क मग्वायरनं 34 व्या वर्षी 70 मारले आणि 2010 मध्ये स्टेरॉइडची कबुली दिली, हे शिल्पानं इथं आठवण करून दिलं. तो आधी तिच्याच संघाचा. तिला ते बोलताना त्रास होत होता.

सुबोधनं शेवटचा पत्ता टाकला: होसे बॉटिस्टा. कधी 16 च्या वर गेला नव्हता, 2010 मध्ये एकदम 54. पाय उचलून स्विंग लवकर सुरू करायला शिकला, एवढंच. शिल्पा सोडून सगळ्यांनी हा मुद्दा मान्य केला, मीही. स्विंग बदलून उडी पडते. पण तो तेव्हा 29 चा होता, आणि 36 व्या वर्षी 23 वर उतरला. तंत्र शिकलेला माणूसही वयाला चुकला नाही.

मी सुबोधला एक गोष्ट मनापासून देतो. बॉन्ड्सची नजर कुठल्याही औषधातून आलेली नव्हती. 2004 मध्ये 232 वॉक, त्यातले 120 पिचरांनी मुद्दाम दिलेले. 45 होमरन आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होणं, फक्त 41. महिनोन् महिने मारण्याजोगा चेंडू मिळत नाही आणि मिळालेला एकही वाया जात नाही, हे मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सर्वोच्च सन्मानासाठीच्या पत्रकारांच्या मतदानात 2022 च्या शेवटच्या संधीला त्याला 66 टक्के मिळाले, लागतात 75. मला मत असतं तर मी कदाचित दिलंही असतं.

पण ते बॉन्ड्सच्या खात्यावर. अ‍ॅरननं एकोणचाळिसाव्या वर्षी ते 40 होमरन कशात मारले, ते आठवा. बेब रूथचा कारकिर्दीतल्या 714 होमरनचा आकडा एक काळा माणूस मोडणार म्हणून 1973 मध्ये त्याच्याकडे पत्रांचे ढीग आले, त्यात जिवे मारण्याच्या धमक्या होत्या. सोबत अंगरक्षक ठेवावा लागला. तरी त्यानं मोसम 713 वर संपवला आणि एक होमरन कमी घेऊन आख्खा हिवाळा काढला. त्या वर्षी तो 120 सामने खेळला, थकला तिथं बसला, फुटला कुठंच नाही. ती पाच वर्षं “शरीर आपोआप वाढतं” याचा पुरावा म्हणून वापरायची म्हणजे त्याची मेहनतही पुसायची आणि वर त्याच्यावर संशयाची सावलीही आणायची. हे मी सुबोधला तसंच्या तसं म्हणालो. त्याला ते लागलं, तो म्हणाला, “अ‍ॅरनला कमी लेखायचं नव्हतं रे मला.” मला ते ठाऊक आहे.

काकांनी वही उघडली. अ‍ॅरन जज, आजच्या पिढीतला स्लगर, एप्रिल 2029 मध्ये 37 चा होईल. त्याचा सर्वोच्च आकडा 62, तिशीतला. 2029 मध्ये किती, असं त्यांनी एकेकाला विचारलं. सुबोध 50 म्हणाला. शिल्पा म्हणाली, ज्या आकड्याची तपासणी झाली असेल तो. केतकीनं 28 सांगितले, “गुडघे टिकले तर.” मी 30 म्हणालो. काकांनी सगळं लिहून घेतलं आणि स्वतःपुढं 24 लिहिले.