साक्ष देण्याआधी याजकाला दाखव

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. पोस्ट मोठी आहे, पण पाळक, मंडळीचे वडील आणि चंगाई (प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या) सभांना माणसं घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने ती शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती आहे.

मार्क १:४४ आपल्या चंगाई सभांमध्ये सहसा वाचलं जात नाही. येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केलं आणि लगेच बजावलं की कोणाला काही सांगू नकोस, आधी जाऊन याजकाला दाखव. लूक १७ मधल्या दहा जणांनाही त्याने याजकाकडेच पाठवलं. कुष्ठ आहे की नाही, गेलं की नाही, हे ठरवणं तेव्हा याजकाचं काम होतं. लेवीय १३ मध्ये तपासणीची पूर्ण रीत दिली आहे: सात दिवस वेगळं ठेवा, पुन्हा पाहा, शंका असेल तर आणखी सात दिवस ठेवा, चट्टा पसरला का ते बघा, त्यावरचे केस पांढरे झाले का ते बघा. ज्याने बरं केलं त्यानेच तपासणीला पाठवलं, आणि तोवर गप्प राहायला सांगितलं. आपल्याकडे माणूस स्टेजवर चढतो न चढतो तोच त्याच्या तोंडासमोर माईक येतो, ‘मी बरा झालो’ अशी साक्ष तो देतो आणि रात्रीपर्यंत व्हिडिओ यूट्यूबवर जातो.

देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. याकोब ५:१४ मी शब्दशः घेतो: आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. त्यात स्टेज नाही, बॅनर नाही, विकत घ्यायची तेलाची बाटली नाही. बोलावणारा आजारी आहे आणि त्याच्या घरी चालत जाणारे वडील आहेत. माझं भांडण चंगाईशी नाही. न तपासलेल्या साक्षीशी आहे, आणि त्या साक्षीच्या जोरावर गोळ्या बंद करायला लावणाऱ्या, पैसे मागणाऱ्या शिकवणीशी आहे.

आता सभेत काय घडतं ते नीट बघू.

आखूड पाय लांब होण्याची साक्ष सगळ्यात सोपी असते. माणसाला खुर्चीत बसवून दोन्ही टाचा हातात धरतात. तो जरा तिरका बसला असेल तर कंबर एका बाजूने मागे सरते आणि एक पाय सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर आखूड दिसतो. बूट टाचेत सैल असेल तर फरक आणखी वाढतो. प्रार्थनेच्या ओघात माणूस सरळ बसतो किंवा बूट आत ढकलला जातो, आणि लोक हालेलूया म्हणतात. खरी तपासणी अशी: बूट काढा, उताणं झोपवा, कमरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत टेप लावून प्रार्थनेआधी मोजा आणि नंतरही मोजा. दोन मिनिटांचं काम आहे.

बहिरेपणाचंही तसंच. एका कानाने ऐकू न येणाऱ्याचा चांगला कान बोटाने दाबून मागे टाळी वाजवली तर ती त्याला ऐकू येतेच, कारण बोटाने कान पूर्ण बंद होत नाही. आधीची आणि नंतरची ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची कानाची तपासणी, असल्याशिवाय ती साक्ष धरू नये. ‘आंधळा’ म्हणून पुढे आणलेल्या अनेकांना हातभर अंतरावरची बोटं आधीपासून दिसत असतात. व्हीलचेअरचं तर विचारूच नका. चालत आलेल्या म्हाताऱ्या माणसाला दारातच खुर्ची देऊन पुढच्या रांगेत बसवलं, की पुढे तो उठून उभा राहिला याचंच नवल होतं. अमेरिकेत टीव्हीवरचे प्रचारक पीटर पोपॉफ यांच्या सभांमध्ये हे होत असे. ते स्टेजवरून अनोळखी माणसाचं नाव, पत्ता, आजार सांगायचे, त्यामागचं गुपित १९८६ मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी उघड केलं: लोकांनी आधी भरलेल्या प्रार्थनेच्या कार्डांवरची माहिती पोपॉफ यांच्या पत्नी ३९.१७ मेगाहर्ट्झवर त्यांच्या कानातल्या यंत्रात सांगत होत्या. आज त्यासाठी वायरलेस लागत नाही. नोंदणीचा गुगल फॉर्म आणि फेसबुक प्रोफाइल पुरतं.

पण सगळे लबाड नसतात, आणि हेच समजून घ्यायला हवं. अमेरिकेत चंगाई सभा घेणाऱ्या कॅथरिन कूलमन या बाई मनापासून सेवा करत होत्या. सर्जन विल्यम नोलन यांनी १९७० च्या दशकात त्यांच्या सभेत बरं झाल्याचं सांगणाऱ्या २३ जणांचा पाठपुरावा केला, तेव्हा एकही खात्रीची चंगाई सापडली नाही. कण्याला कॅन्सर झालेल्या एका बाईने आधाराचा पट्टा काढून फेकला आणि ती स्टेजवर धावली. दुसऱ्या दिवशी तिचा मणका खचला, चार महिन्यांनी ती वारली. तिला स्टेजवर वेदना जाणवली नव्हती हे खरंच आहे. तीन तास उभं राहून गाणं, हजारो लोकांचा आवाज, अपेक्षा, या सगळ्यात शरीर स्वतःच वेदना दाबतं. पाठ, गुडघे, डोकेदुखी, दमा ही दुखणी तशीही कमी-जास्त होतात, आणि माणूस प्रार्थनेला येतो तो बहुधा दुखणं टोकाला असताना. पुढचे दिवस बरे जाणारच असतात. म्हणून स्टेजवरच्या पाच मिनिटांना साक्ष म्हणू नये.

औषधांबद्दल मात्र जरा थांबून वाचा.

टीबीचा साधा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दोन महिने नीट औषध घेतलं की बहुतेकांचा खोकला थांबतो, वजन वाढतं, थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. नेमका हाच रिपोर्ट सभेत झळकतो. पण शरीरात जंतू उरलेले असतात, आणि तिथे गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो, कधी औषधाला दाद न देणारा होऊन. मग त्याच खोलीत झोपणारी लेकरंही धोक्यात येतात.

मधुमेहात फसगत वेगळीच. तीन दिवसांच्या उपवास प्रार्थनेनंतर साखर १०० आली तर ती पोटात अन्न नव्हतं म्हणून. मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी एचबीए१सी ही रक्ततपासणी दाखवते, ती बघा. आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू ठेवून कडक उपवास केला तर साखर इतकी खाली जाते की माणूस बेशुद्ध पडतो. तिथे सभेत लोक म्हणतात, आत्म्याने पडला. त्याला घाम फुटलाय, हात थरथरताहेत, बोलणं तुटतंय, असं दिसलं आणि तो शुद्धीत असेल तर आधी साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. उलट टाइप वन मधुमेहाच्या (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही) मुलाचं इन्सुलिन ‘विश्वासाने’ थांबवलं तर एक-दोन दिवसांत उलट्या, खोल धापा, ग्लानी, आणि मग मृत्यू. याला वाट बघायला वेळच नसतो.

फिट्सची गोळी एकदम बंद केली तर फिट थांबतच नाही अशी अवस्था येऊ शकते. एचआयव्हीच्या रिपोर्टमध्ये विषाणू ‘सापडला नाही’ असं येतं ते विषाणू दाबून ठेवणाऱ्या एआरटी औषधांमुळे; बंद केली की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत तो परत दिसू लागतो. बीपीबद्दल एवढंच, की ते वाढलेलं कळतच नाही, त्यामुळे ‘बरं वाटतंय’ याला तिथे अर्थ नाही.

आणि बरं झालं नाही, तर? तुझा विश्वास कमी पडला. तुझ्या घरात पाप आहे. तू नकारात्मक बोललास, म्हणून आशीर्वाद अडला. शेवटचं हे अमेरिकन प्रचारक केनेथ हेगिन यांच्या ‘बोला आणि मिळवा’ शिकवणीतून आलंय, आणि त्याविरुद्ध असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल मंडळीनेच १९८० मध्ये भूमिका घेतली होती, हे आपल्याकडच्या पेंटेकॉस्टल भावंडांनी लक्षात घ्यावं. आजारी माणसावर आजाराचं ओझं असतंच, वर अपराधाचं ओझं घालणं ही क्रूरता आहे. शास्त्र काय सांगतं? पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सततच्या त्रासासाठी, देवाला तीनदा विनंती केली, काटा राहिला. सोबती त्रोफिमला त्याने मिलेतात आजारी सोडलं. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, म्हणजे त्या काळचा घरगुती उपाय. संदेष्टा अलीशा ज्या आजाराने वारला तो त्याचा शेवटचा आजार म्हणून सरळ लिहिलाय. योहान ५ मधल्या अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला तर आपल्याला बरं कोणी केलं हेच माहीत नव्हतं. त्याचा विश्वास कोणी मोजला? आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये आईच्या हयातीतच गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. रमाबाईंचा विश्वास कमी होता असं त्यांच्या मुक्ती मिशनच्या दारात उभं राहून कोणी म्हणून दाखवावं.

पैशाकडे येतो. ‘बीज पेरा, शंभरपट घ्या’ ही शिकवण अमेरिकन प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी रुजवली. त्यांनीच १९८७ मध्ये सांगितलं की मार्चअखेर ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला बोलावून घेईल. शंभरपटीचं वचन मार्क १०:३० मध्ये आहे खरं, पण तिथे ‘छळणुकीसह’ हेही आहे, आणि भाऊ, बहिणी, आया शंभरपट मिळतात त्या मंडळीच्या रूपाने, बँकेच्या खात्यात नाही. मलाखी ३:१० दाखवून दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) मागतात, त्यांनी अनुवाद १४ सुद्धा वाचून दाखवावा. दशमांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा होता. तो घरच्यांसोबत परमेश्वरापुढे आनंदाने खायचा होता, आणि दर तिसऱ्या वर्षी गावातच साठवून लेवी, परदेशी, अनाथ, विधवा यांनी पोटभर खायचा होता. विधवेकडून शेवटची पाटली काढून घ्यायची सोय त्यात कुठेच नाही. कोड झालेला सरदार नामान बरा झाल्यावर अलीशाने दमडी घेतली नाही. अलीशाचा चाकर गेहजी मागे धावून रुपं घेऊन आला आणि नामानाचं कोड त्याला लागलं. या शिकवणीतले मोठे लोकही मागे फिरले आहेत: बेनी हिन यांनी २०१९ मध्ये ठराविक रकमेचं बीज मागणं चूक असल्याचं सांगितलं, क्रेफ्लो डॉलर यांनी २०२२ मध्ये आपली दशमांशाची जुनी शिकवण फेकून द्यायला सांगितली. आपल्याकडे तीच जुनी भाषणं मराठीत चालू आहेत.

काहीजण म्हणतील, चर्चवर हल्ले होताहेत, अशा दिवसांत घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला? कारण मरणारी माणसं आपलीच आहेत. मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं केलं ते याच विश्वासाने, प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एका छपराखाली. तो वारसा कोपऱ्यात आणि तेलाची बाटली स्टेजवर, हे मला मान्य नाही. आणि महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराच्या नावाने लोकांना फसवणाऱ्यांना लागू होतो, धर्म कोणताही असो. ती वेळ येण्याआधी आपणच आपलं बघू.

फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थस्थानी बरं झाल्याचे दावे तपासणारं वैद्यकीय कार्यालय १८८३ पासून आहे. सात हजारांवर दावे आले, चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सुमारे ७०. वसईतल्या कॅथलिकांना हे माहीत असेल. तेवढं नाही, पण मंडळीच्या पातळीवर हे जमेल: साक्ष देणाऱ्याकडून आधीचा रिपोर्ट, नंतरचा रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी घ्या, मंडळीबाहेरच्या डॉक्टरला दाखवा, तीन महिने थांबा, कॅन्सर असेल तर वर्षानुवर्षं. त्या माणसाच्या परवानगीशिवाय व्हिडिओ टाकू नका, आणि आजार उलटला तर तोही त्याच स्टेजवरून सांगा. सभेच्या सुरुवातीला पाळकाने स्पष्ट बोलावं की डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. कोणी आधीच बंद केली असेल तर रागावू नका, आजच दवाखान्यात न्या आणि किती दिवस औषध चुकलं ते खरं सांगा; टीबीचं औषध असेल तर मनाने परत सुरू करू नका, आधी थुंकीची तपासणी करून घ्या. आणि मंडळीचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. वार्षिक सभेत ऑडिट झालेली प्रत मागा, चंगाई सभेचं अर्पण किती आलं आणि कुठे गेलं ते त्यात वेगळं दाखवायला सांगा.