डोरोथिया डिक्स आणि 12 मेचा फॉरवर्ड

12 मे, म्हणजे नाइटिंगेलबाईंचा जन्मदिवस आणि परिचारिका दिन, जवळ आला की नर्सिंगच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. मधोमध भांग पाडलेल्या, काळ्या पोशाखातल्या बाईंचा फोटो आणि खाली मजकूर: डोरोथिया डिक्स, जगातली पहिली मनोरुग्ण परिचारिका, फ्लॉरेन्स नाइटिंगेलची शिष्या, अमेरिकेतलं पहिलं वेड्यांचं इस्पितळ तिने काढलं, रुग्णांच्या साखळ्या स्वतः तोडल्या, यादवी युद्धात सगळ्या नर्सेसची आई झाली आणि शेवटी स्वतःच वेडी होऊन इस्पितळात मेली. बाई मोठ्याच होत्या. पण हा मजकूर त्यांच्याबाबतीत खरा नाही.

शिष्येचं प्रकरण आधी निकालात काढू. डिक्स जन्मल्या 1802 साली, नाइटिंगेल 1820 साली. नाइटिंगेलची लंडनमधली नर्सिंग शाळा 1860 ला उघडली, तेव्हा डिक्सबाई 58 वर्षांच्या होत्या. त्यांचा पेशा शिक्षिकेचा. बॉस्टनमध्ये त्या मुलींची शाळा चालवायच्या. अमेरिकेतल्या पहिल्या प्रशिक्षित परिचारिका लिंडा रिचर्ड्स. त्यांचं शिक्षण पूर्ण झालं 1873 साली आणि मनोरुग्ण परिचर्येत पहिलं नाव घेतात तेही त्यांचंच. पेपरात ही अदलाबदल केलीत तर मार्क गेलेच म्हणून समजा.

‘पहिलं इस्पितळ’ही नाही. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गचं इस्पितळ 1773 चं, आणि खुद्द मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरचं सरकारी इस्पितळ 1833 पासून चालू होतं. अडचण वेगळीच होती. तिथे जागा अपुरी, आणि गरीब घरचा रुग्ण तुरुंगात नाहीतर गावच्या अनाथ-दरिद्री आश्रमात पडून असायचा.

आता साखळ्या. बाईंनी छिन्नी-हातोडा घेतला नव्हता. त्यांनी जे केलं ते जास्त चिवट होतं. 28 मार्च 1841, रविवार. बॉस्टनजवळच्या ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात त्या स्त्री कैद्यांना बायबल शिकवायला गेल्या. कैद्यांतच काही मनोरुग्ण बाया होत्या, गुन्हा काही नाही, आणि त्या गारठ्यात कोठडीत शेगडीसुद्धा नाही. पुढची जवळजवळ दोन वर्षं बाई राज्यभर तुरुंग आणि आश्रम बघत हिंडल्या, दिसेल ते टिपत गेल्या. जानेवारी 1843 मध्ये त्याचं निवेदन विधिमंडळापुढे आलं. त्यातल्या नोंदी एकेका ओळीच्या आहेत. लिंकन: पिंजऱ्यात एक बाई. मेडफर्ड: एक मतिमंद साखळीने बांधलेला, आणि एक जण 17 वर्षं कोंदट गोठ्यात. गावाचं नाव, मग माणूस. तलाठ्याने पंचनामा लिहावा तसं. विशेषणांची गरजच उरत नाही.

बाईमाणसाला सभागृहात उभं राहून बोलायची सोय नव्हती, म्हणून ते मांडलं सॅम्युअल हाउ या आमदाराने. ज्यांची नावं आली त्या गावांच्या कारभाऱ्यांनी ‘सगळं खोटं’ म्हणून ओरड केली. ती होणारच होती. तरी वूस्टरचं इस्पितळ वाढवायला मंजुरी मिळाली आणि बाई पुढच्या राज्याकडे वळल्या.

फॉरवर्डमध्ये नाही ती गोष्ट 1854 ची. 1 कोटी 22 लाख 25 हजार एकर सरकारी जमीन विकून मनोरुग्ण, अंध आणि मूकबधिरांसाठी पैसा उभारायचं त्यांचं विधेयक अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्सनी ते नाकारलं: दानधर्म हे केंद्राचं काम नाही, राज्यांनी बघावं. बाईंची सहा वर्षांची खटपट एका सहीवाचून गेली.

‘सगळ्या नर्सेसची आई’ हे मात्र वाचून हसू येतं. 1861 मध्ये अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने त्यांना स्त्री परिचारिकांचं प्रमुख केलं खरं. पण त्यांचे नियम ऐका: वय 35 ते 50, दिसायला साधी, कपडे तपकिरी, करडे किंवा काळे, दागिना नाही. पगार दिवसाला 40 सेंट. स्वतः त्या बिनपगारी राबल्या, पण लष्करी डॉक्टरांशी रोजचे खटके. ऑक्टोबर 1863 च्या आदेशाने नेमणुकीचे अधिकार सर्जन जनरललाही (लष्कराच्या वैद्यकीय खात्याच्या प्रमुखाला) मिळाले आणि बाईंचा एकहाती कारभार संपला. हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत पडता काळ, आणि फॉरवर्ड नेमका त्यालाच हार घालतो.

राहिला शेवट. 17 जुलै 1887 ला न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात त्या वारल्या, हे खरं. पण रुग्ण म्हणून नव्हे. ते इस्पितळ त्यांच्याच खटपटीने 1848 ला उघडलं होतं, आणि म्हातारपणी त्यांच्या राहण्यासाठी तिथल्या खोल्या राज्याने दिल्या होत्या.