अष्टपैलू ब्लिट्झरला सगळं थोडं थोडं देऊ नका

ब्लड बाऊल हा टेबलावरचा खेळ खेळणाऱ्या मराठी ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. छत्रपती संभाजीनगरच्या ग्रुपवर तो आला, तिथून जालना, नांदेड, लातूरला पोचला, आणि आता नवीन संघ बांधणारं पोरगं तोच पुढं करून विचारतं, "दादा, असंच करायचं ना?"

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ह्युमन, म्हणजे माणसांच्या, संघाचा ब्लिट्झर (धडक मारणारा गडी) अष्टपैलू आहे, म्हणून त्याला जनरल, स्ट्रेंथ, अ‍ॅजिलिटी आणि पासिंग या चारही गटांतलं एकेक कौशल्य द्या. कौशल्य घ्यायला लागणारे गुण वाचवायचे असतील तर कौशल्याची निवड फाशावर सोडा. आणि गुण साठवता आले तर थेट ताकद वाढवा, तिच्यापुढं कुठलंही कौशल्य फिकं. दाखला क्रिकेटमधल्या ऑलराउंडरचा दिलाय.

यातलं बहुतेक चूक आहे, आणि त्यापायी चांगले संघ अर्ध्या स्पर्धेतच ढेपाळताना मी पाहतोय. म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीनं १९८६ साली काढलेला हा टेबलावरचा खेळ. अमेरिकन फुटबॉलसारखा, पण मैदानात माणसं, ऑर्क, एल्फ असे सगळे. पट २६ बाय १५ घरांचा, एका बाजूनं ११ खेळाडू, प्रत्येक हाफमध्ये ८ टर्न. मूळ संच सगळ्यांना परवडत नाही, म्हणून आमच्याकडे बरेच जण फ्लेक्सच्या दुकानातून पट छापून घेतात आणि कोल्ड्रिंकच्या झाकणांवर नंबर चिकटवून खेळतात. नियम आम्ही २०२० च्या आवृत्तीचे वापरतो. खालचे सगळे आकडे त्याच नियमांतले.

आधी क्रिकेटचं बघू, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. मेसेज म्हणतो, तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर बघा, वेगवान बॉलिंगही करतो आणि खाली येऊन फटकेही मारतो, ब्लिट्झर तसाच पाहिजे. राजवर्धनबद्दल दुमत नाही. २०२२ चा अंडर-१९ विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि मराठवाड्यातल्या प्रत्येकाला त्याचा अभिमान आहे. पण क्रिकेटमध्ये बॉलिंगची आणि बॅटिंगची वेळ वेगळी असते. दहा ओव्हर टाकल्या म्हणून बॅटिंगचा नंबर जात नाही. ब्लड बाऊलमध्ये एका खेळाडूला एका टर्नमध्ये एकच कृती मिळते. त्यातही ब्लिट्झ, म्हणजे चालून जाऊन धडक मारणं, अख्ख्या संघाला टर्नमध्ये एकदाच करता येतं. पासही एकदाच. ज्या टर्नला तुमचा ब्लिट्झर धडक मारायला गेला, त्या टर्नला त्याचं पासिंगचं कौशल्य नुसतं कागदावर राहतं. ज्या टर्नला तो पास टाकायला थांबला, त्या टर्नला तुमचा सर्वांत चांगला मारणारा गडी मारत नाही. सामन्यात टर्न १६ च असतात.

आता पासिंगचंच घ्या, कारण "चारही गट" या सल्ल्यातला सर्वांत महाग भाग तोच आहे. ह्युमन ब्लिट्झरला जनरल आणि स्ट्रेंथ हे प्रायमरी, म्हणजे स्वस्तातले, गट आहेत, अ‍ॅजिलिटी आणि पासिंग सेकंडरी, म्हणजे महागडे. पहिलं प्रायमरी कौशल्य स्वतः निवडून घेतलं तर ६ स्टार प्लेयर पॉइंट, म्हणजे त्या खेळाडूनं सामन्यांत कमावलेले गुण, लागतात, सेकंडरी निवडलं तर १२. टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या टोकाला पोचवल्याचे, ३ पॉइंट मिळतात. म्हणजे दोन टचडाउनमध्ये होणारं काम चार टचडाउनवर गेलं. शिवाय प्रायमरीनं टीम व्हॅल्यू, म्हणजे संघाची किंमत, २० हजारांनी वाढते, सेकंडरीनं ४० हजारांनी. हा आकडा शोभेचा नाही. दोन संघांच्या व्हॅल्यूत जेवढा फरक, तेवढ्या पैशांत समोरचा संघ त्या सामन्यापुरती मदत विकत घेतो. एक लाखाचा फरक झाला की त्याला एक जास्तीचा टीम रीरोल, म्हणजे फासा परत टाकण्याची संधी, मिळतो.

एवढं देऊन हाती काय येतं? ब्लिट्झरचं पासिंग ४+, म्हणजे फाशावर ४ किंवा जास्त पडायला हवं. जवळचा पास अचूक जाण्याची शक्यता निम्मी. पास हे कौशल्य घेतलं की एकदा फासा परत टाकता येतो आणि शक्यता ७५ टक्क्यांवर जाते. संघातल्या थ्रोअरचं पासिंग २+ असतं आणि पास हे कौशल्य त्याच्याकडे विकत घेतल्या दिवसापासून असतं, त्यामुळे त्याचा जवळचा पास ३६ पैकी ३५ वेळा अचूक जातो. हा थ्रोअर ८० हजारांत येतो, तर ब्लिट्झर ८५ हजारांचा. चार टचडाउनचे पॉइंट खर्चून आपण ब्लिट्झरला थ्रोअरची कच्ची नक्कल बनवतो, आणि खरा थ्रोअर तिथंच बाजूला उभा असतो. हे मला खरोखर पटत नाही.

आता मुख्य मुद्दा. मेसेजमध्ये प्रत्येक कौशल्य सुटं धरलंय. पण या खेळात कौशल्यं जोडीनं कामाला येतात.

वुड एल्फचा वॉरडान्सर समोर आहे असं धरा. त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून ब्लॉक (दोघं पडायच्या बाजूला स्वतः न पडणं) आणि डॉज (धडकेतून आणि वेढ्यातून निसटणं) दोन्ही आहेत, चिलखत ८+, म्हणजे ते फोडायला दोन फाशांची बेरीज ८ किंवा जास्त हवी. आपल्या ब्लिट्झरकडे फक्त ब्लॉक. दोन फासे मिळाले आणि त्यातला एक निवडणं आपल्या हाती असलं तरी धडकेच्या फाशाच्या सहा बाजूंपैकी एकाच बाजूनं वॉरडान्सर पडतो. ३६ पैकी ११ वेळा. आपल्या ब्लिट्झरला टॅकल असेल तर वॉरडान्सरचा डॉज चालत नाही, दोन बाजू कामाला येतात आणि हिशोब ३६ पैकी २० वर जातो. पाडल्यावर चिलखत फुटायला हवं. साध्या फाशांवर ते ३६ पैकी १५ वेळा फुटतं, मायटी ब्लो, म्हणजे बेरजेत एक वाढवणारं कौशल्य, असेल तर २१ वेळा. दोन्ही टप्पे एकत्र धरा. नुसत्या ब्लॉकवर पाडून चिलखत फोडण्याची शक्यता साधारण १३ टक्के, टॅकल आणि मायटी ब्लो दोन्ही असतील तर ३२ टक्के. म्हणजे जवळजवळ अडीच पट, आणि हे दोन्ही प्रायमरी गटांतलं. पहिल्याचे ६ आणि दुसऱ्याचे ८ मिळून १४ पॉइंटमध्ये झालं. याच १४ पॉइंटमध्ये मेसेजच्या पद्धतीनं गेलात तर एक सेकंडरी कौशल्य येतं आणि २ पॉइंट उरतात.

मग सेकंडरीला हातच लावायचा नाही का? तसं मी म्हणत नाही. डॉज घेण्यासारखं आहे, पण एकाच ब्लिट्झरवर, जो चेंडू घेऊन पळणार आहे त्याच्यावर. ब्लॉकवाल्या प्रतिस्पर्ध्यानं दोन फाशांनी त्याला मारलं तर तो ३६ पैकी २० ऐवजी ११ वेळाच पडेल. शिवाय वेढ्यातून मोकळ्या घरात निसटण्याची शक्यता ६७ टक्क्यांवरून ८९ वर जाते. १२ पॉइंटचं मोल तिथं वसूल होतं. मेसेजची चूक सेकंडरी सुचवण्यात नाही. प्रत्येक ब्लिट्झरनं प्रत्येक गटातलं काहीतरी घ्यावं, हा जो हट्ट आहे, तो चुकीचा आहे.

गार्ड, म्हणजे शेजारच्या साथीदाराच्या धडकेला हमखास मदत देणारं कौशल्य, त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि मला सर्वांत जास्त हेच खटकलं. गार्ड दिसायला साधं आहे, त्यानं ना टचडाउन होतं ना कोणी जखमी होतं. म्हणून नवी पोरं ते घेत नाहीत. आमच्या ग्रुपमधल्या सामन्यातला एक टर्न सांगतो. निळी झाकणं ह्युमन, हिरवी ऑर्क. मधल्या फळीत तीन निळी तीन हिरव्यांना भिडलेली. मधला ऑर्क म्हणजे ताकद ४ चा बिग अन ब्लॉकर, त्याच्यासमोर आपला ताकद ३ चा लाइनमन, म्हणजे साधा गडी, आणि लाइनमनच्या दोन्ही अंगाला ब्लिट्झर, तेही त्याच बिग अनला टेकलेले. लाइनमननं एकट्यानं मारलं तर फासे दोन पडतात, पण निवड ऑर्कच्या कोचची. दोन्ही ब्लिट्झरना एकेक ऑर्क भिडलेला होता, त्यामुळे नेहमीच्या नियमानं त्यांची मदत धरता आली नसती. पण दोघांकडेही गार्ड होता. कोणी कितीही चिकटलेलं असलं तरी गार्डवाल्याची मदत मोजली जाते. दोघांची एकेक मदत धरून तीनाचे पाच झाले. चाराच्या पुढं पाच, म्हणजे दोन फासे आणि निवड आपली. निळ्याच्या कोचनं फासे टाकले, बिग अन आडवा झाला आणि फळीला भगदाड पडलं. त्या टर्नला त्या दोन ब्लिट्झरनी काहीच केलं नाही, जागचे हललेसुद्धा नाहीत. त्यांची स्वतःची कृती अजून शिल्लकच होती.

ही मदत आपल्या टर्नला मिळते, समोरच्याच्या टर्नला बचावातही मिळते. पासिंगचं कौशल्य एखाद्या सामन्यात एकदाही वापरलं जात नाही, असं सर्रास होतं. गार्ड दर टर्नला काम करतो.

"कौशल्य फाशावर सोडा, स्वस्तात मिळतं." पहिलं प्रायमरी फाशावर घेतलं तर ३ पॉइंट लागतात, हे खरं. व्हॅल्यूही १० हजारच वाढते. फळीत मार खायला उभ्या राहणाऱ्या लाइनमनसाठी मीही हाच सल्ला देतो. ब्लिट्झरसाठी नाही. स्ट्रेंथ गटात १२ कौशल्यं आहेत. त्यातली गार्ड, मायटी ब्लो आणि स्टँड फर्म मी ब्लिट्झरसाठी आनंदानं घेईन. म्हणजे चारात एक वेळ. जनरलमधून फाशानं फ्रेंझी दिलं तर ब्लिट्झर समोरच्याला ढकलल्यावर सक्तीनं पुन्हा मारायला जातो, आणि कडेच्या रेषेजवळ तेच अंगाशी येतं. शिवाय जन्मभरात एका खेळाडूला सहाच बढत्या मिळतात आणि प्रत्येक पुढची महाग होत जाते. नको ते कौशल्य पदरात पडलं तरी पुढचं ८ लाच मिळणार.

ताकद वाढवण्याचा सल्ला ऐकायला फार गोड आहे. ताकद ४ चा ब्लिट्झर कोणाला नको? पण नियम काय आहे बघा. १८ पॉइंट देऊन तुम्ही ताकद विकत घेत नाही, सोळा बाजूंचा एक फासा टाकण्याचा हक्क विकत घेता. ताकद निवडायची सोय १५ किंवा १६ पडले तरच. आठात एक. बाकी वेळा ताकदीऐवजी दुसऱ्याच कशावर तरी समाधान मानावं लागतं. आणि समजा ताकद लागलीच, तर टीम व्हॅल्यू ८० हजारांनी वर जाते. १८ पॉइंट साठेपर्यंत तो ब्लिट्झर कोरा खेळणार, मार खाणार, कदाचित कायमचा जायबंदी होणार, हे मेसेजमध्ये कुठंच धरलेलं नाही.

अष्टपैलूपणाचा खरा फायदा कुठला, तर निवडीच्या वेळी हातात पर्याय जास्त असणं. ह्युमन संघात चार ब्लिट्झर घेता येतात. चौघांनाही थोडं थोडं सगळं दिलं तर चार सारखेच अर्धवट गडी तयार होतात. दोघांना गार्ड, एकाला टॅकल आणि त्यावर मायटी ब्लो, आणि एक चेंडूवाला डॉजसह, अशी वाटणी केली तर संघ अष्टपैलू होतो. तुमच्या गटात एल्फ आणि अ‍ॅमेझॉन जास्त असतील तर टॅकल आधी घ्या. ऑर्क, ड्वार्फ जास्त असतील तर गार्ड आधी. निवड करायच्या आधी पुढच्या सामन्यांची यादी समोर ठेवा.

नांदेडच्या एका पोरानं परवा विचारलं होतं, त्याच्या ब्लिट्झरकडे १२ पॉइंट झालेत आणि मेसेज वाचून तो पास घेणार होता. त्याचा हिशोब इथंच मांडतो. पास घेतलं तर १२ संपले, व्हॅल्यू ४० हजारांनी वाढली, कौशल्य एक. त्याऐवजी आज ६ देऊन गार्ड घ्यायचं, ६ शिल्लक ठेवायचे. पुढच्या सामन्यात या ब्लिट्झरनं एकाला जखमी केलं की २ पॉइंट येतात, शिल्लक ८ होते आणि टॅकल मिळतं. व्हॅल्यू तेवढीच ४० हजारांनी वाढते, कौशल्यं मात्र दोन होतात. त्याच्या गटात दोन वुड एल्फ संघ आहेत, त्यांच्याशी सामना यायच्या आत टॅकल हातात असायला हवं.