बंदूक हवी? आधी शिकारीचा परवाना काढा

एच-वन-बीवर अमेरिकेत आलात आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत पोरं बालवाडीतून कॉलेजात गेली, म्हणून खट्टू होऊ नका. कार्ड नसलं तरी बंदूक मिळते. तात्पुरत्या व्हिसावाल्याला ती विकू नये असा कायदा आहे खरा, पण त्यालाच एक पोटकलमही आहे: खिशात शिकारीचा परवाना असेल तर चालेल. हरीण मारून दाखवा असं कुणी म्हणत नाही. गळ्यात तुळशीची माळ असली तरी हरकत नसावी.

मग दुकानात जा. तिथे ४४७३ नंबरचा फॉर्म देतात. तुम्ही फरारी आहात का? गांजा ओढता का? आपल्याकडे स्थळ आलं की मुलाच्या मामापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत चौकशी होते. इथे आधी खुद्द नवरदेवालाच विचारतात. खोटं लिहिणं गुन्हा आहे हं. याच फॉर्मपायी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांचे चिरंजीव दोषी ठरले आणि पुढे वडिलांनी त्यांना माफी दिली. तुमचे बाबा राष्ट्राध्यक्ष नसतील तर खरंच लिहा.

त्यानंतर दुकानदार एफबीआयला विचारतो. उत्तर बहुधा काही मिनिटांत येतं. नाही आलं, तर कामकाजाचे तीन दिवस वाट पाहायची. तोवर सरकार गप्प राहिलं तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. मौनं संमतिलक्षणम्! २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याने अशीच घेतली होती.

एवढाही दम निघत नसेल तर दुकानदार नसलेला खासगी विक्रेता गाठा. बऱ्याच राज्यांत त्याला काही विचारावंच लागत नाही. ही फट बरीचशी बुजवायचा प्रस्ताव २०१३ मध्ये सिनेटमध्ये आला, सँडी हुकच्या शाळेतली वीस मुलं गोळीबारात गेल्यावर चार महिन्यांनी. बाजूने ५४, विरुद्ध ४६. अर्थात ५४ वाले हरले, कारण ६० लागत होते.

आणि नोंदणीचं नाव शेजाऱ्यापुढे काढू नका. गाडी, बोट, कुत्रा सगळ्याची नोंद करून बसलेला हा गृहस्थ बंदुकीचं म्हटलं की 'आज नोंद, उद्या जप्ती' म्हणून उसळतो. त्याला समजवा, बाबा रे, बंदूकवाल्यांची यादी करायला केंद्र सरकारला १९८६ पासून बंदीच आहे. तपासणीत पास झालास की तुझी ओळख चोवीस तासांत पुसून टाकतात.

गुन्ह्यातल्या बंदुकीचा माग काढायचं केंद्र वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला आहे. बंद पडलेल्या दुकानांच्या वह्या तिथे खोक्यांतून येतात. त्या स्कॅन करतात, पण नाव टाकून शोधायची सोय ठेवायची नाही, म्हणून एकेक पान डोळ्यांनी वाचत जायचं. एकदा खोक्यांच्या भाराने मजला खचेल की काय अशी धास्ती पडली, तेव्हा कंटेनर आणून पार्किंगमध्ये लावले आणि खोकी त्यांत भरली. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये आजोबांचा फेरफार शोधला असेल, तर तिथे माहेरी आल्यासारखं वाटेल. फरक इतकाच, की इथे साहेब जेवायला गेलेले नसतात. साहेब वाचत बसलेले असतात.