शिराकावा-गो चार तासांत कसं उरकावं?

ऑक्टोबर सरता सरता जपानच्या शोगावा खोऱ्यातलं हे गाव लाल-पिवळं होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीचा एखादा शनिवार धरा, म्हणजे एकटं वाटणार नाही. जवळच्या ताकायामा शहराहून बसने पन्नासेक मिनिटं लागतात. काही बसना आरक्षण, काहींना रांग. आपल्या बसला काय ते थांब्यावर पोचूनच विचारा. परतीचं तिकीट तर मुळीच काढू नका. पाचच्या आत सूर्य मावळतो, दुकानं मिटतात आणि अख्खं गाव तुमच्यासोबत एकाच बसच्या रांगेत उभं राहतं. मुक्कामाची घरं मोजकीच, तीही फार आधी भरलेली, त्यामुळे थरार हमखास.

१९९५ साली युनेस्कोने या गावाला जागतिक वारसा ठरवलं, म्हणजे ते आता आपलंच. आत माणसं राहतात म्हणे! वादा कुटुंबाचं घर तिकीट काढून रीतसर बघता येतं, पण फुकटात डोकावायला शेजारची दारं आहेतच. कुणी जेवत असेल तर उत्तम, फोटो जिवंत येतो.

घरांचं गवताचं छप्पर बघून 'पत्रे का नाही टाकत?' असं जरूर विचारा. बर्फ साचू नये म्हणून साठेक अंशांचा उतार, छपराच्या सांगाड्यात खिळा नाही, सगळी बांधणी दोर आणि लवचीक फांद्यांची. तीस-चाळीस वर्षांनी गावकरी एकमेकांच्या श्रमावर नवं गवत चढवतात. हे ऐकून घेण्यात बस चुकेल. माळ्यावर रेशीमकिडे पाळत आणि जमिनीखाली बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवत, तेही वगळा. चुलाण्याच्या धुराची मात्र तक्रार करा. त्या धुरामुळे गवताला कीड लागत नाही आणि ते लवकर कुजत नाही हे खरं, पण तुमच्या जॅकेटला वास लागतो त्याचं काय?

सिगारेटबंदीच्या पाट्या इतरांसाठी असतात. गवताच्या गावात आग लागलीच तर पाण्याच्या तोफा आहेत ना ठेवलेल्या! (खरंच आहेत, जागोजागी.)

गाव वरून बघायला शिरोयामाच्या टेकडीवर शटल बस जाते, पायी पंधरा-वीस मिनिटं. कठड्याला टेकून ठाण मांडा. मागच्यांना तुमच्या टोपीचं दर्शन घडू द्या.

कचराकुंडी शोधू नका, नाहीच. आपला कचरा आपणच परत न्यायचा असतो. चिवड्याची रिकामी पिशवी सोबत्याच्या बॅगेत सरकवा, त्याला ताकायामात कळेल.